तीन लाखांच्या पुढची गाडी

सकाळी साडेसहाला इंदूरचं राजेंद्रनगर मागे टाकून राऊकडे निघालं की सोबतीला कोण कोण असतं ते बघण्यासारखं असतं. कंपन्यांच्या बसेस, हेल्मेटच्या आत मफलर कोंबलेले दुचाकीवाले, आणि मधूनमधून पिकअप. डबल केबिनची, हौद्यात हत्यारांची पेटी किंवा चार क्रेट, पुढच्या काचेत छोटा गणपती. यातल्या कित्येकांचं मीटर तीन लाखांच्या पुढे गेलेलं असतं. किंमत नव्हे, किलोमीटर.

हिशेब सोपा आहे. लोकमान्यनगरहून पीथमपूरला जाऊन-येऊन साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर. पण जो माळव्याचं पठार सोडून घाट उतरतो आणि रोज धामनोदपर्यंत जातो, त्याचे दिवसाचे दीडशेच्या आसपास होतात. वर्षाला पंचेचाळीस हजार. सात वर्षांत गाडी तीन लाख ओलांडते, आणि तोवर कर्जाचे हप्ते संपलेले असतात. म्हणजे गाडी खऱ्या अर्थाने आपली होते तेव्हाच लोक म्हणायला लागतात, ‘आता काढून टाका.’ दुसरा पक्ष ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचा. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. जुनं म्हणजे जुनं. प्रश्न एवढाच असतो की सोमवारी सकाळी सहाला सेल्फ मारल्यावर ती उठणार का, आणि संध्याकाळी घरी आणणार का.

इंदुरात वाड्यांमध्ये भाडेकरू असत तेव्हा घरमालक मंडळी त्यांचे दोन प्रकार सांगत. एक महिनाभर आधी सांगून जाणारा, दुसरा रात्रीतून बिऱ्हाड हलवणारा. गाडीच्या पार्टांचंही हेच आहे. चाकाचं बेअरिंग महिनाभर गुणगुणतं. क्लच घसरायला लागला की घाटात कळवतो. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश कुरकुरतात, ब्रेकचे पॅड किंचाळतात. ही सांगून जाणारी मंडळी. त्यांच्यावर वेळेआधी पैसे घालण्यात अर्थ नाही, कान उघडे ठेवले की पुरे. याउलट रेडिएटरचा होज, फॅनबेल्ट, टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, सेल्फच्या सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट, डिझेलच्या नळीतली एक ओ-रिंग हे सगळे रात्रीतून जाणारे. जास्त चाललेली गाडी भरवशाची ठेवायची म्हणजे या दुसऱ्या यादीतले पार्ट ते चांगले दिसत असतानाच बदलायचे. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, कारण चांगला दिसणारा पार्ट फेकून द्यायला आपला हात धजत नाही.

इंजिनाची काळजी लोक सगळ्यात जास्त करतात आणि खरं तर त्याची गरज सगळ्यात कमी असते. तेल वेळेवर बदललेलं डिझेल इंजिन तीन लाखांत म्हातारं होत नाही. त्याला मारते ती उष्णता, आणि ती येते पाण्याच्या बाजूने. म्हणून सुरुवात रेडिएटरपासून.

वरचा होज हातात घ्या, इंजिन थंड असताना. मधला भाग दाबून काही कळत नाही. क्लिपपासून दोन बोटं आतल्या बाजूला अंगठा आणि तर्जनीने चिमटा घ्या आणि मग मधल्या भागाशी तुलना करा. टोकाजवळ तो जास्त मऊ, स्पंजासारखा लागला तर आतून चीर गेलेली आहे. हे बाहेरून दिसत नाही. होजच्या टोकाला कूलंट, रबर आणि धातू एकत्र येतात, तिथे बारीक विद्युत-रासायनिक क्रिया चालू असते, आणि ती रबर आतल्या बाजूने लांबीला चिरत जाते. दाबताना कुरकुर असा आवाज आला तर रबर वाळून कडक झालं आहे. क्लिपच्या शेजारी फुगवटा असेल तर त्या दिवशी ऑफिसला बसने जावं. होज वरचा, खालचा आणि तो लहानसा बायपासचा, तिन्ही एकदम बदलायचे, क्लिपांसकट, चार वर्षांनी किंवा लाखभर किलोमीटरला. बायपासचा होज बोटभर लांबीचा असतो आणि हात पोचत नाही अशा जागी असतो, म्हणून मिस्त्री तो ‘ठीक है’ म्हणून सोडून देतात. नेमका तोच फुटतो.

मग झाकण. रेडिएटरचं झाकण हा पार्ट आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा दाब ते आत कोंडून ठेवतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९च्या झाकणाखाली तेच पाणी ११८च्या आसपास उकळेल, आणि अर्धं कूलंट असेल तर त्याहून वर. झाकणाची रबरी चकती चपटी झाली, स्प्रिंग ढिली पडली की हे वीस अंश गेले. मग मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, एसी लावून घाट चढताना पाणी बाहेर येतं आणि मिस्त्री हेड गॅस्केटचा खर्च सांगतो. आधी झाकण बदलून बघा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. बदलताना आकडा जुन्याइतकाच घ्या. जास्त आकड्याचं बसवलं तर आधी सांगितलेले होज त्याचा सूड घेतात.

आत काय भरायचं? तयार मिसळलेलं कूलंट, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरिंगचं पाणी भारी असतं. त्याचा पांढरा थर गीझरमध्ये दिसतो तसाच इंजिनाच्या पाण्याच्या खोबणीत बसतो, फक्त दिसत नाही. इंदुरी माणूस यावर म्हणेल, आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं. येतं खरं. जलूदहून १९७८पासून पाइपातून घाट चढून येतं आणि चहाला उत्तम आहे. पण त्यातही क्षार आहेत, आणि गंज थांबवणारी रसायनं नाहीत. रेडिएटरात नको. दोन वेगळ्या रंगांची कूलंटही मिसळू नका, काही मिश्रणांचा गाळ बनतो. दर दोन-तीन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरायचं, हीटर चालू ठेवून हवा काढायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघायची.

उन्हाळ्यात एक सल्ला हमखास मिळतो: ‘भिया, वॉल निकाल दो.’ वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. तो काढून टाकला की गाडी तापत नाही असा समज आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो, तोवर पाणी रेडिएटरात जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. तो काढला तर हिवाळ्यात पीथमपूर येईपर्यंत इंजिन कोमटच राहतं. डिझेल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि अॅव्हरेज पडतो. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर काही पाणी रेडिएटर टाळून तसंच गरम परत फिरतं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट तपासायचा तर घरच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर धरा. उघडताना डोळ्यांनी दिसतो. पातेलं मात्र नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

पंखा चिकट तेलाच्या क्लचवर चालणारा असेल तर गाडी फिरवून आल्यावर इंजिन बंद करून पात्याला हाताने गिरकी द्या. इंजिन गरम असताना पंख्याने हाताला विरोध करायला हवा. तो दोन-तीन फेरे मोकळेपणी फिरत राहिला तर त्यातलं तेल संपलंय. (ज्या गाडीत विजेचा पंखा आहे तिथे हा प्रयोग करू नका, तो किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.) वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. तिथून रंगीत ओघळ आला की सील गेलं. हा सांगून जाणाऱ्यांतला आहे, पण मुदत महिन्याची नसते, आठवड्याची असते.

विजेचा भाग थोडक्यात. बॅटरी मरते उन्हाळ्यात आणि तिचं मरण कळतं डिसेंबरात. पहाटेचा पारा आठ-नऊवर आला की घट्ट झालेलं तेल ढवळायला सेल्फला जास्त ताकद लागते आणि मे महिन्यात अर्धी झालेली बॅटरी तेव्हा उघडी पडते. पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभी गाडी: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. चालू इंजिनावर १३.८ ते १४.४, त्याखाली असेल तर अल्टरनेटरचे ब्रश किंवा बेल्ट बघा, १४.८च्या वर असेल तर रेग्युलेटर बॅटरी शिजवतोय. तिसरी मोजणी कोणी करत नाही आणि तीच सगळ्यात उपयोगाची आहे. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या कोऱ्या धातूवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची पट्टी गंजलेली आहे. लोक यासाठी आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ बदलतात, आणि शेवटी ती वीतभर पट्टी घासून पुसून बसवतात तेव्हा गाडी पहिल्या टिचकीला सुरू होते. सेल्फ मारल्यावर नुसतंच ‘टक्’ होऊन पुढे काही होत नसेल आणि बॅटरी भरलेली असेल तर सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत. दोन-अडीच लाखांपर्यंत ते एकदा बदलून घ्यावेत. पूर्ण सेल्फ बदलायची गरज नसते.

डिझेलच्या फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने, तो अर्धा फेरा सैल करून काचेच्या बाटलीत शंभरेक मिली काढा. बाटली उजेडात धरली की पाणी तळाला वेगळं दिसतं. इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल देणाऱ्या कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पाण्याने तो कोरडा घासतो, त्यातला धातूचा चुरा चारही इंजेक्टरांत जातो, आणि मग खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीला भिडतो. फिल्टर वीस हजाराला बदला, पुस्तकात जास्त लिहिलं असलं तरी.

सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो पण दिवसभर ठीक चालते, अशी तक्रार असेल तर रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा शिरते. सेल्फ मारण्याआधी डिझेल ओढणारा हातपंप दाबून बघा. पंप मोकळा लागला आणि वीसेक वेळा दाबल्यावर कडक झाला, मग गाडी लगेच उठली, तर दोष नळीत, ओ-रिंगमध्ये किंवा फिल्टरच्या डोक्यात आहे. हातपंप कडकच होता तरी उठत नसेल तर इंजेक्टरांतून परतणाऱ्या डिझेलची चाचणी करा: परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन दोन मिनिटं निवांत चालवायचं. तीन बाटल्यांत सारखं आणि चौथीत दुप्पट आलं तर गुन्हेगार सापडला. चारही बदलायची गरज नाही, कोणी काहीही सांगो. आणि इंजेक्टर काढला की खालचा तांब्याचा वायसर नवाच घालायचा. जुना परत बसवला तर महिनाभरात तिथून ‘फस् फस्’ सुरू होतं आणि काळा डांबरासारखा थर जमतो. पुढच्या वेळी तो इंजेक्टर बाहेर काढायला अर्धा दिवस जातो.

हवेचा फिल्टर. इंदूर २०१७पासून २०२३पर्यंत दर वर्षी स्वच्छतेत पहिलं आलं याचा सगळ्यांना अभिमान आहे, पण बायपास रस्त्याच्या धुळीला हे कोणी सांगितलेलं नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी, मार्च-एप्रिलात गव्हाची. या दोन हंगामांत रस्त्याकडेच्या शेतांवर भुश्शाचे ढग असतात. तेव्हा फिल्टर एरवीच्या निम्म्या अंतराला बघावा. कॉम्प्रेसरच्या हवेने तो झाडायचा असेल तर आतून बाहेर, कमी दाबाने, आणि एकदा-दोनदाच. जोरात मारलेल्या हवेने कागदाला सुईएवढी भोकं पडतात आणि बारीक वाळू थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. खूण अशी: फिल्टरनंतरच्या रबरी नळीत स्वच्छ पांढरा कपडा बोटाला गुंडाळून फिरवा. कपडा करडा आला तर फिल्टर कितीही नवा असो, हवा बाजूने शिरते आहे.

तेलाबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपतो. पुस्तकात लिहिलेला ग्रेड, दर दहा हजाराला, फिल्टरसकट. जुन्या इंजिनांना बहुधा १५ डब्ल्यू-४०. मागे धूर गाळणारा डीपीएफ असेल तर कमी राखेचंच तेल, नाहीतर तो जाम होतो. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर खाणं या वयात चालतं, लिटर खात असेल तर कारण शोधा. चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडून उलटं ठेवा. ते तिथे थरथरत बसलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा थकल्यात, किंवा क्रँककेसची श्वासनळी तुंबली आहे. दुसरं कारण स्वस्त आहे, म्हणून आधी तेच तपासावं.

श्वासनळीवरून मागच्या हाऊसिंगची आठवण झाली, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट गॅरेजमध्येही कोणी बोलत नाही. मागच्या धुरेच्या पोटात डिफरेन्शियलचं तेल असतं. साठ-सत्तर किलोमीटर चाललं की ते तापतं, आतली हवा फुगते. ती बाहेर जायला हाऊसिंगच्या वरच्या बाजूला एक टोपीवालं लहानसं नळकांडं असतं, ब्रीदर. माळव्याची काळी माती पावसाळ्यात मेणासारखी चिकटते आणि ऑक्टोबरच्या उन्हात सिमेंटसारखी कडक होते. ती या टोपीवर बसली की हवा कोंडते. कोंडलेली हवा वाट काढते ती धुरेच्या टोकाच्या ऑइल सीलमधून, आणि तिच्यासोबत तेल येतं थेट मागच्या ब्रेक ड्रममध्ये. बाहेरून काय दिसतं? एका मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ, आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली जाणं. मिस्त्री सील बदलतो, लायनर बदलतो, दोन महिन्यांनी सील परत गळतं, आणि दोष ‘लोकल सील’वर जातो. ब्रीदरची टोपी हाताने फिरते का आणि वर-खाली हलते का एवढं बघायचं होतं. पावसाळा संपला की तो काढून डिझेलमध्ये बुडवून साफ करा. गाडी पुलाखालच्या पाण्यातून काढत असाल तर उलटंही होतं: गरम हाऊसिंग एकदम थंड होतं, आत पोकळी तयार होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला.

तेल काढताना प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा थर बोटांत चोळून बघा. करडं मलम असेल तर ते या वयाचं नैसर्गिक आहे. टोचणारा कण असेल तर डिफरेन्शियलच्या क्राऊन-पिनियन गिअरचा दात बोलतो आहे. गिअरबॉक्सात जीएल-४ दर्जाचं तेल आणि मागे जीएल-५, ही अदलाबदल करू नका. जीएल-५मधली गंधकाची रसायनं कित्येक गिअरबॉक्सांतल्या पितळी सिंक्रो रिंगांना खातात, आणि मग दुसरा गिअर टाकताना खरखर येते. क्लचचं काम निघालं तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील, सगळं त्याच वेळी. खर्च पार्टांचा कमी, गिअरबॉक्स उतरवण्याचा जास्त.

इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या शॅकल, स्टेअरिंगचे जोड, जिथे जिथे ग्रीसचं निपल आहे तिथे पाच हजाराला ग्रीस. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत दाबायचं. निपल घेत नसेल तर बदलायचं, वरून ग्रीस थापून उपयोग नाही. उभ्या गाडीतून पहिल्या गिअरात सुटताना खालून ‘टण्’ येतं ते क्रॉसचं बोलणं.

आता घाट. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांमुळे सगळ्या मध्य प्रदेशाला माहीत आहे. तिथे ब्रेक ‘फेल’ होतात म्हणजे बहुतेक वेळा तापून निकामी होतात. रिकामी पिकअपही तिथे चौथ्या-पाचव्या गिअरात उतरवू नये. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा मुरल्यावर १४०ला. डॉट ४ नवं २३०, ओलं १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी पूर्ण तेल बदलायचं, मागच्या सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून, नवं स्वच्छ येईपर्यंत. पिकअपमध्ये मागच्या धुरेपासून चौकटीपर्यंत (चेसिसपर्यंत) एक बारीक दांडी जाते. ती ओझं पाहून मागच्या ब्रेकचं प्रमाण ठरवते. ती गंजून अडकली तर भरल्या गाडीतही मागचे ब्रेक रिकाम्या गाडीइतकेच लागतात आणि पुढचे पॅड वर्षाला दोनदा संपतात. सर्व्हिसिंगच्या बिलात या दांडीचं नाव मी कधी वाचलेलं नाही.

मुक्कामी पोचल्यावर करायची एक गोष्ट सांगतो, अर्ध्या मिनिटाची. गाडी लावल्यावर चारही चाकांभोवती एक फेरी मारा आणि रिमच्या मध्याजवळ हाताची पालथी बाजू न्या, टेकवू नका. चार चाकांची ऊब आपल्याला पाठ होते. पुढची दोन मागच्यांपेक्षा गरम असतात, ते ठीक; पण डाव्या-उजव्यात फरक लागला तर गरम बाजूचा ब्रेकचा कॅलिपर अडकलाय किंवा बेअरिंग घट्ट आहे. बेअरिंगची खात्री ऐंशीच्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर होते: स्टेअरिंग किंचित डावीकडे नेल्यावर घूं-घूं वाढली तर बहुधा उजवं, उजवीकडे नेल्यावर वाढली तर डावं, कारण वजन बाहेरच्या चाकावर जातं.

टायर स्वतःच आपली हकिगत लिहून ठेवतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, आणि वाट्या-वाट्या पडल्या तर शॉकअॅब्सॉर्बर. बाजूवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी विकत घेताना नक्षी छान असलेला पण सात वर्षांचा टायर हमखास असतो. त्यावर घाट उतरू नये.

वही ठेवा. मोबाइलमध्ये चालेल, पण डॅशबोर्डच्या खणातली चाळीस पानी वही मिस्त्रीच्या हातात देता येते. दर वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर आणि लिटर लिहायचे. चौदाचा अॅव्हरेज हळूहळू साडेबारावर आला तर गाडी काहीतरी सांगते आहे: कुठला ब्रेक धरतोय, फिल्टर तुंबलाय, हवा कमी आहे, किंवा इंटरकूलरची नळी फाटली आहे (मग काळा धूर आणि चढावर दमणं हेही असेल). आणि प्रत्येक बदललेल्या पार्टासमोर किलोमीटर. सेकंडहँड घेतलेल्या गाडीची वही नसते, म्हणून पहिल्या महिन्यात सगळी तेलं, फिल्टर, बेल्ट आणि होज एकदम बदलून वही शून्यापासून सुरू करावी. टायमिंग बेल्टवाल्या गाडीत तर हे पहिल्या आठवड्यात, टेन्शनर आणि आयडलरसकट. मागच्या मालकाच्या ‘आत्ताच बदललाय’वर विसंबलात आणि बेल्ट तुटला, तर बहुतेक इंजिनांत वाकलेले वॉल्व्ह मिळतात.

सीटखाली काय असावं: फॅनबेल्ट, वरचा होज, दोन क्लिपा, डिझेल फिल्टर, फ्यूज, एक रिले, दोन लिटर कूलंट, एक लिटर तेल, टॉर्च, आणि जॅकखाली घालायला फूटभर जाड फळी. रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा आवळायचे.

एवढं सगळं करूनही गाडी कधी सोडायची? इंजिनाचा, गिअरबॉक्सचा खर्च आला म्हणून नाही. तो वहीत मांडला तर नव्या गाडीच्या पाच-सहा हप्त्यांइतका निघतो. बघायची जागा वेगळी आहे. पाट्याचा मागचा हँगर जिथे चौकटीला जोडलेला असतो तिथली माती खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, टॉर्च तिरकी धरायची. केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावर रॉकेल लावायचं, पुसायचं, वर खडूची पूड टाकायची आणि गाडी थोडी हलवायची. रेघेतून ओलं वर आलं तर ती चीर आहे. उभ्या भिंतीतल्या बारीक चिरेला पट्टी लावता येते. खालच्या आडव्या कडेला चीर असेल आणि मिस्त्री म्हणत असेल की तिच्यावरून आडवी वेल्डिंग मारून देतो, तर त्याला नको म्हणायचं. वेल्डिंगच्या शेजारचा पत्रा ठिसूळ होतो आणि पुढची चीर तिथूनच, आणखी वेगाने जाते. त्या गाडीने घाट उतरायचा नाही. शहरातल्या शहरात क्रेट वाहायलाही द्यायची नाही.